पाच जुड्या मेथी आणि खाणारे दोघं

थंडी पडली की या सदराला येणारे प्रश्न हिरवे व्हायला लागतात. मंडईत जुड्यांचे ढीग, भाव पडलेले, आणि स्वस्त दिसलं की आपला हात काही थांबत नाही, मग घरी येऊन पिशवी ओट्यावर उपडी केली की कळतं आपण काय करून बसलोय. यावेळी सगळे प्रश्न पालेभाज्यांचेच घेतलेत.

ताई, रात्री साडेनऊला स्टेशनबाहेर भाजीवाल्या मावशींनी उरलेली सगळी मेथी पन्नासला देऊन टाकली. पाच जुड्या, वर कोथिंबिरीच्या दोन फुकट. घरात आम्ही दोघंच. मिस्टर म्हणतात आता मेथीच्या गादीवर झोपू. फ्रिजमध्ये दुधाची पिशवी ठेवायला जागा नाहीये, सुरुवात कुठून करू? (डोंबिवली)

जुड्या फ्रिजमध्ये कोंबल्या असतील तर आधी बाहेर काढा. आणि पहिलं काम म्हणजे ती सुतळी नाहीतर रबरबँड कापून टाका, कारण जुडी सडते ती कायम मधून, बांधलेल्या जागी देठ चेपलेले असतात, शिवाय मावशींनी दिवसभर वरून पाणी मारलेलं असतं ते सगळं आत साचतं. बाहेरून बघाल तर टवटवीत आणि दोन दिवसांनी सोडायला जावं तर आत काळा चिकट लगदा, हे सगळ्यांच्याच घरी झालंय. जमिनीवर जुनी चादर अंथरा, सगळी मेथी मोकळी करून पसरा आणि पंखा लावून अर्धा तास विसरून जा. मिस्टरांना गादीची फार हौस आहे ना, त्यांनाच निवडायला बसवा.

निवडताना पिवळी, चुरगळलेली, काळे डाग पडलेली पानं बाजूला काढा, दया दाखवू नका, एक सडकं पान डब्यातल्या बाकीच्यांना घेऊन जातं. आणि धुवायची नाही! धुवायची ती भाजी करायच्या आधी. निवडलेली कोरडी पानं स्टीलच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या डब्यात, खाली सुती कापड, वर सुती कापड, दाबून भरायची नाहीत. अशी मेथी पाच-सहा दिवस आरामात राहते, फक्त मधे एकदा कापड ओलं झालंय का बघा आणि बदला. आपल्या आया वर्तमानपत्रात गुंडाळायच्या हे मलाही माहितीये, पण छपाईच्या शाईत जे असतं ते खाण्याला लागू नये म्हणून एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२३ मध्ये पुन्हा एकदा सांगितलंय की खायच्या वस्तू पेपरात बांधू नका. जुना धुतलेला पंचा पेपरापेक्षा पाणीही जास्त चांगलं ओढतो. अजून एक, डबा केळी, सफरचंद, पिकलेले टोमॅटो यांच्या शेजारी नको, त्यांच्यातून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने पानं लवकर पिवळी पडतात.

कोथिंबिरीला मुळं असतील तर कापू नका. ग्लासात दोन बोटं पाणी घालून फुलांसारखी उभी ठेवा, वरून सैल पिशवी टोपीसारखी, आणि ग्लास फ्रिजच्या दारात. पाणी दोन दिवसांनी बदलायचं.

आता खाण्याचं. पाच जुड्या दिसतात डोंगराएवढ्या पण मेथी कढईत गेली की केवढीशी होते ते तुम्हाला मी सांगायला नको. सगळ्यात कोवळी असेल ती आजच कच्ची खा, घोळाणा करा, बारीक चिरलेली मेथी, कांदा, दाण्याचं कूट, मीठ, वरून कच्चं तेल, गरम भाकरीबरोबर एक जुडी दोघं बसल्या बसल्या संपवतात. दुसऱ्या दिवशी पीठ पेरून. आणि दोन जुड्यांचे मुटके करून टाका, चिरलेल्या मेथीत ज्वारीचं पीठ, बेसन, थोडी कणीक, तिखट-मीठ-ओवा, मुठीत दाबून चाळणीवर १५ मिनिटं वाफ. गार झाले की अर्धे फ्रीझरला टाका, पाहुणे आले की काढून परतायचे. कोथिंबीर वडीचंही असंच करा, रोल उकडेपर्यंतच करायचे, कापून तळायचे नाहीत, आख्खा रोल गोठवायचा. दोन वाट्या कोथिंबीर असेल तर एक वाटी बेसन आणि दोन चमचे तांदळाचं पीठ पुरतं, लोक बेसन फार घालतात आणि मग वडी खाताना पिठलं खाल्ल्यासारखं वाटतं.

पालक स्वस्त होता म्हणून व्हिडिओ बघून ब्लांच करून, म्हणजे उकळत्या पाण्यात बुडवून काढून, फ्रीझरमध्ये टाकला. बाहेर काढला तर काळपट हिरवा बर्फाचा दगड, वितळला की अर्ध पाणी आणि चव गवतासारखी. माझं काय चुकलं? (पुणे)

तीन गोष्टी चुकल्या असणार. आधी हे का करतात ते सांगते म्हणजे व्हिडिओची गरज नाही पडणार. पानात एन्झाइम असतात, म्हणजे रंग-चव बदलणाऱ्या क्रिया घडवणारी प्रथिनं, पान तोडलं तरी त्यांचं काम चालूच राहतं, आणि गंमत म्हणजे फ्रीझरच्या थंडीत ते मंद होतात पण थांबत नाहीत. म्हणून तसाच गोठवलेला पालक महिन्या-दोन महिन्यांत रंग आणि चव घालवून बसतो. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं बुडवलं की ते बंद पडतात.

पण पाणी भरपूर हवं, खळखळ उकळतं हवं, आणि पालक थोडा थोडा घालायचा. छोट्या पातेल्यात दोन जुड्या एकदम घातल्या की पाणी गार होतं, परत उकळायला पाच मिनिटं जातात, तोवर पालक शिजून जातो. तुमच्या दगडाचा रंग काळपट का, तर बहुतेक झाकण ठेवलं होतं. पान तापलं की त्यातून आम्ल सुटतं, झाकण असेल तर ते आतच फिरतं आणि हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो, मग रंग लष्करी गणवेशासारखा होतो. झाकण उघडं ठेवा. सोडा घालू नका मात्र, हॉटेलवाले घालतात, रंग झक्क येतो पण पान गिळगिळीत होतं आणि जीवनसत्त्वं जातात.

दोन मिनिटं झाली की लगेच बर्फाच्या पाण्यात, नळाखाली नाही, आपल्याकडे मे महिन्यात नळाचं पाणी चहाला चालेल इतकं गरम असतं. गार झालं की मुठीत घेऊन घट्ट पिळायचं. हीच पायरी तुम्ही गाळलीत, पाणी राहिलं की त्याचा बर्फ होतो, बर्फाचे स्फटिक पान फाडतात आणि वितळल्यावर जे पाणी दिसतं ते तेच. पिळून लाडू वळल्यासारखे गोळे करा, एका भाजीला एक गोळा, ताटात सुटे गोठवा आणि मग पिशवीत भरून हवा काढून टाका.

आणि पिशवीवर नाव लिहा हो. मी स्वतः ठोकर खाऊन सांगतेय. एका वर्षी पालक, चाकवत आणि अंबाडी एकाच रविवारी गोठवले, सगळे गोळे हिरवे, म्हटलं मला काय ओळखू येणार नाहीत का. पंधरा दिवसांनी जावेच्या घरचे जेवायला, मी पालक पनीर करायला घेतलं, गोळे मिक्सरमधून काढले, क्रीम घातलं आणि डोळ्यांदेखत क्रीम फाटलं. चाखून बघितलं तर अंबाडी. दात आंबले. शेवटी त्यात शिजलेली डाळ घोटून लसणाची फोडणी ओतली आणि हीच आजची स्पेशल असं सांगून वाढली, जाऊबाईंनी रेसिपी मागितली ती अजून दिलेली नाही.

ज्यांचा फ्रिज एका दाराचा आहे, आत बर्फाचा कप्पा असलेला, त्यांच्यासाठी एवढंच की तो कप्पा सहसा उणे १८ अंशापर्यंत जात नाही. पालक आठ-दहा महिने टिकतो म्हणतात ते उणे १८ ला. तुमच्या कप्प्यात तीन-चार आठवड्यांचा हिशोब धरा.

कोथिंबीर आणि पुदिना ब्लांच करायचा नाही, वास सगळा पाण्यात जातो. बारीक चिरून बर्फाच्या ट्रेमध्ये, वर थोडं तेल नाहीतर पाणी, क्यूब झाले की पिशवीत. आमटीत टाकायला उत्तम, वरून भुरभुरायला नाही. हिरवी चटणीही अशीच ठेवता येते, वाटताना बर्फाचे दोन खडे घाला, मिक्सर तापला की रंग जातो. ओलं खोबरं आणि दही मात्र खाताना मिसळा.

आमची एक एकर मेथी एकाच वेळी काढणीला आली आणि बाजारात जुडीला दोन रुपये भाव, तोडणीची मजुरी आणि गाडीभाडंसुद्धा निघेना. कोणी म्हणतं कसुरी मेथी करून विका. घरच्या घरी जमेल का? (सिन्नर तालुका)

दादा, तुमचा प्रश्न वाचून स्वस्ताईच्या आनंदात मांडलेली वरची सगळी वाक्यं जरा घशात अडकली. आम्ही पन्नासला पाच जुड्या मिळाल्या म्हणून खुश होतो त्याचं दुसरं टोक तुमच्या बांधावर असतं.

खरं सांगते, साधी मेथी वाळवली की ती वाळलेली मेथी होते, कसुरी होत नाही. कसुरी ही मेथीची वेगळी जात आहे, पान बारीक, फूल पिवळं, वास खूप उग्र, नाव पाकिस्तानातल्या पंजाबमधल्या कसूर गावावरून पडलं आणि आपल्याकडे ती मुख्यतः राजस्थानात नागौरच्या बाजूला पिकते. त्यामुळे पाकिटावर कसुरी लिहून विकलंत तर गिऱ्हाईक एकदाच येईल. वाळवलेली गावरान मेथी म्हणून विका, पराठ्याला, आमटीला, थालीपिठाला चालतेच की.

हिशोब आधी करा. पालेभाजीत दर दहातले जवळपास नऊ भाग पाणी असतं, त्यामुळे निवडलेली दहा किलो पानं वाळवली की एक किलोच्या आसपास हाती येतात, आणि देठ-मुळं गेलेली ती वेगळीच. एक एकराची सगळी मेथी वाळवायचं मनात आणू नका, एवढी निवडणार कोण. पहिल्या वर्षी घरातल्या बायकांना एका दिवसात जमेल एवढीच घ्या, ओळखीत विकून बघा.

पद्धत अशी. मेथी धुवायची ती वाळवण्याआधीच, नंतर धुता येत नाही, तीन पाण्यातून काढा कारण मेथीत रेती फार. जाळीच्या टोपलीत निथळवा. मग सावलीत, वारा खेळेल अशा जागी, सुती कापडावर एकच थर. उन्हात लवकर वाळते पण रंग पिवळट पडतो, आणि ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व बनतं ते कॅरोटीनही उन्हाने जास्त जातं. वर जाळी नाहीतर मलमल बांधा, माशी आणि धूळ दोन्हीसाठी. हिवाळ्यात कोरडी हवा असेल तर तीन-चार दिवस. पान चुरडलं की कुरकुर आवाज येऊन भुगा झाला पाहिजे, नुसतं वाकलं तर अजून ओल आहे. आणि देठ वेगळे वाळवा, ते मागे राहतात आणि सगळ्या डब्याला ओल देतात.

वाळल्यावर लगेच पाकिटं सील करू नका. मोठ्या काचेच्या बरणीत आठवडाभर ठेवा, रोज हलवा, काचेला आतून दव आलं तर परत पसरा. विकायचं असेल तर एफएसएसएआयची नोंदणी लागते, ती आधी करून घ्या.

माझ्या सासूबाई हरभऱ्याची भाजी वाळवून वर्षभर ठेवायच्या. मी दोन वर्षं केली, दोन्ही वेळा पावसाळ्यात अळ्या झाल्या. त्या आता नाहीत, विचारू कोणाला? (लातूर)

मला विचारलंत ते बरं केलंत, ही माझी सगळ्यात लाडकी भाजी आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हरभरा महिनाभराचा झाला की कोवळे शेंडे खुडतात, त्याने झाडाला फांद्याही जास्त फुटतात आणि घरात भाजीही येते, एका खुडण्यात दोन कामं. पानावर जी आंब असते, बोटाला लागली की चुरचुरते, ते मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल, तीच या भाजीची चव. म्हणून जुन्या बायका ती फार धूत नाहीत. पण हल्ली फवारणी किती होते ते बघता मी म्हणेन घरच्या शेतातली, न फवारलेली असेल तरच तसं करा, बाजारची धुवाच, थोडी आंब गेली तर गेली.

अळ्या का होतात, तर बहुतेक दोन कारणं. एकतर वाळत घातलेल्या भाजीवर साठवणीतल्या किडींनी आधीच अंडी घातलेली असतात, नाहीतर डबा उघडझाप होऊन पावसाळी हवा आणि किडे आत जातात. सासूबाई बहुतेक मे महिन्यात एकदा डबा उन्हात ओतून परत भरत असणार, ते तुम्ही केलं नसेल. मी अजून एक करते जे त्यांच्याकडे नव्हतं, वाळलेली भाजी पिशवीत बांधून चार दिवस फ्रीझरला ठेवते, मग बाहेर काढून पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ देते आणि नंतरच डब्यात भरते. पिशवी आधी उघडलीत तर गार पानांवर दव धरतं आणि सगळी मेहनत पाण्यात. एका मोठ्या डब्याऐवजी चार छोटे डबे भरा, एक संपेपर्यंत दुसऱ्याचं झाकण उघडायचं नाही.

करताना हातावर चुरून दहा मिनिटं गरम पाण्यात, मग तुरीची डाळ, शेंगदाणे, ज्वारीचं पीठ लावून हाटायची आणि वरून लसूण आणि लाल मिरचीची फोडणी इतकी की शेजारी ठसका लागला पाहिजे. जूनमध्ये बाजारात पालेभाजी धड मिळत नाही, मिळाली तर चिखलाची, तेव्हा हे ताटात आलं की माणसं दोन भाकऱ्या जास्त खातात.

आमच्या बॅकयार्डमध्ये यंदा अंबाडी आणि स्विस चार्ड (पालकासारखी, जाड देठांची पालेभाजी) इतकं आलंय की शेजारी आता मला बघून दार लावतात. इथल्या मैत्रिणी टोमॅटो सॉस बरण्यांत भरून उकळत्या पाण्यात ठेवून कॅन करतात. चार्ड तसं करता येईल का? आणि अंबाडीचं लोणचं लसूण घालून तेलात? (न्यू जर्सी)

चार्ड, पालक, मेथी यातलं काहीही उकळत्या पाण्यात कॅन करू नका. या एका बाबतीत मी थट्टा करत नाही. टोमॅटो आंबट असतो आणि तरी त्यात लिंबाचा रस घालायला सांगतात, पालेभाजी आंबट नसते. बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू मातीत असतात, पानाबरोबर येतात, आणि त्यांचे बीजाणू १०० अंशाला मरत नाहीत. हवाबंद बरणीत, जिथे प्राणवायू नाही आणि आंबटपणाही नाही, तिथे ते विष तयार करतात, आणि बरणीला वास येईलच असं नाही, झाकण फुगेलच असंही नाही. त्याला ११६ अंशापर्यंत जाणारा प्रेशर कॅनर लागतो, भारतातून नेलेला आपला तीन शिट्ट्यांचा कुकर त्याच्याऐवजी चालत नाही. तुमच्याकडे बहुतेक गॅरेजमध्ये मोठा फ्रीझर असेल, चार्ड वर पालकाला सांगितलं तसं दोन मिनिटं ब्लांच करा, जाड देठ वेगळे तीन-चार मिनिटं.

अंबाडीचं वेगळं, ती मुळातच आंबट. पानं धुऊन, कापडावर रात्रभर पसरून अगदी कोरडी करा. तेलात मंद आचेवर परतत राहा, आधी पाणी सुटेल, मग आटेल, मग गोळा होऊन कडेने तेल सुटायला लागेल, तिथे थांबा. भाजलेल्या लाल मिरच्या, मेथीदाणे, मोहरी, मीठ घालून वाटा. लसूण त्यात घालून ठेवू नका, तेलात बुडालेला कच्चा लसूण बाहेर ओट्यावर ठेवणं म्हणजे पुन्हा तोच बॉट्युलिझमचा धोका. बरणी फ्रिजमध्ये ठेवा, खायच्या वेळी वाटीभर काढा आणि लसणाची ताजी फोडणी द्या, चवही तीच जास्त चांगली.

आई म्हणते पालेभाजी शिळी खायची नाही, विषारी होते. नवरा म्हणतो अंधश्रद्धा. रोज ताजी करायला वेळ कोणाला आहे? (नाशिक)

आईचं निम्मं बरोबर. पालेभाज्यांत नायट्रेट असतं, शिजवलेली भाजी बाहेर तासन्‌तास राहिली की जंतू त्याचं नायट्राइट करतात, आणि ते लहान बाळांना खरंच घातक. पण आईच्या लहानपणी फ्रिज नव्हता. जेवण झालं की तासाभरात झाकून फ्रिजला ठेवा, दुसऱ्या दिवशी लागेल तेवढीच काढून खळखळून गरम करा, उरलेली पुन्हा आत ठेवू नका. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याच्यासाठी मात्र ताजीच.

मुळ्याचा पाला टाकायचा जिवावर येतो, पण चरचरीत लागतो. (सातारा)

मुळ्यापासून आल्या आल्या तोडा, लागून राहिला तर मुळ्यातलं पाणी ओढतो आणि मुळा सुकतो. चिरून मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, पिळा, मग भिजवलेल्या मूगडाळीबरोबर परता. खूपच असेल तर नेपाळी लोक गुंद्रुक करतात तसं बघा, पाला थोडा सुकवून, चुरगळून, मातीच्या नाहीतर काचेच्या भांड्यात घट्ट दाबून आठवडाभर आंबवायचा आणि मग कडक उन्हात वाळवायचा. मी एकदा केलं, घरातल्यांनी वासाने बाल्कनीत हाकललं, पण त्याची आमटी भन्नाट झाली होती.

गच्चीवर कुंड्यांत शेपू लावला, आता थांबतच नाही. घरात फक्त मी खाते. गोठवू का? (कोल्हापूर)

नका गोठवू. शेपू वितळला की ओल्या गवतासारखा होतो आणि घरात एकटंच माणूस खाणारं असेल तर तो फ्रीझरमध्ये पुढच्या दिवाळीपर्यंत पडून राहील. निम्म्या कुंड्यांतला खुडून शेजारी द्या, बाकीच्या निम्म्यांना पाणी घालत राहा आणि खुडणं बंद करा. वर छत्रीसारखी पिवळी फुलं येतील, मग बी धरेल, ते तपकिरी व्हायला लागलं की छत्र्या कापून कागदी पिशवीत उलट्या टांगा म्हणजे बी आपोआप आत पडतं. तेच बाळंतशोपा, बाजारात पुड्या बांधून विकतात ते. भाजून, ओवा, तीळ, सैंधव घालून डबीत भरा. शेपूला नाक मुरडणारी तुमच्या घरातली माणसं जेवण झालं की पहिला हात त्याच डबीत घालतात की नाही ते मला कळवा.